दोराच्या आतली बाई

सिकाई संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, आमच्या सेक्टर सहाच्या क्वार्टरवर आले. पंख्याखालची खुर्ची त्यांनी ओढत दाराशी नेली, तिथे बसले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, पोरीले इथं आणायचं नाही."

मी समोर दिवाणावर बसले होते. चार हातांवर. त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता, तरी नवऱ्याने माझ्याकडे मान वळवून सांगितलं, भाऊ म्हणतात पोरीला आणायचं नाही. आमच्या घरात भासरा लहान भावाच्या बायकोशी बोलत नाही. लग्न होऊन मी भिलाईला आले तेव्हापासून हे असंच आहे. माझ्या हातचं जेवून "तिले सांग, मीठ कमी आहे" म्हणतील, पण माझ्याकडे बघून नाही. इतकी वर्षं मी याला मान समजत होते. आपल्याला भिंतीसारखं वागवणाऱ्याचा मान ठेवायला मला कोणी शिकवलं ते आठवत नाही, पण शिकले चांगलं.

सिकाई म्हणजे रेडिएशन. इकडे सगळे सिकाईच म्हणतात, जसा काही गुडघा शेकायचा आहे. मला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झाला होता. पाच आठवडे रोज रायपूरला जाऊन बाहेरून सिकाई, आठवड्यातून एकदा केमो, आणि शेवटी काही वेळा आतून सिकाई. या सगळ्यात मी एकच गोष्ट घट्ट धरून होते. माझी एकुलती एक पोरगी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. पहिलं बाळंतपण आईकडे, हे आमच्यात ठरलेलं. मशीनच्या टेबलावर उताणी पडून, हलायचं नाही म्हणून श्वाससुद्धा जपून घेत मी मनात मागची खोली लावत असे. खाट खिडकीकडून काढून भिंतीला. शेगडी कोपऱ्यात. डिंक कुठून आणायचा, खारीक कोणाकडून. हे संपलं की पोरगी येईल. एवढ्यावर मी तिथून रोज उठून घरी आले.

आणि आता हे म्हणत होते, आणायचं नाही.

कारण त्यांनी नीट समजावून सांगितलं, अर्थात माझ्या नवऱ्याला. इथल्या स्टील प्लांटमध्ये मोठ्या पाइपांच्या वेल्डिंगचा आतला फोटो काढतात, जोड कच्चा आहे की पक्का ते बघायला. त्यासाठी शिशाच्या डब्यातून एक सोर्स, म्हणजे किरणं सोडणारा तुकडा, बाहेर काढतात. तो बाहेर निघाला की चारी बाजूंनी लाल दोर बांधायचा, धोक्याची पाटी लावायची. दोराच्या आत माणूस सोडा, कुत्रंही जाऊ द्यायचं नाही. दिसत नाही, वास येत नाही, पण हाडात जाऊन बसतं. भासऱ्यांनी निवृत्त होईपर्यंत याच कामावर वर्षं काढली होती. "अन् हिच्या तं पोटातच ठेवला होता सोर्स," ते म्हणाले. "आपण पाइपाले हात लावत नाही, बाप्पा. पोटातल्या लेकराचं काय होईल, विचार कर."

माझ्या नवऱ्याने विचार केला. म्हणजे मान हलवली.

आणि मी? माझी शाळा सातवीत सुटली. धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला कोणी नव्हतं. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात याचं कोणाला विशेष वाटलं नाही, मलाही नाही. पण तेव्हापासून कोणी ठाम आवाजात इंग्रजी शब्द म्हटला की मी मान खाली घालते. सोर्स म्हटलं, घातली. दवाखान्यात कागदावर सही करा म्हटलं, केली, आणि वर हात जोडून धन्यवाद म्हटलं. आभारी राहायची मला फार सवय आहे. भासऱ्यांनी त्या दिवशी पोरीला माझ्यापासून तोडलं आणि मी आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला, मनात म्हणत, बरं झालं वेळेवर सांगितलं, नाहीतर माझ्या हातून पाप झालं असतं. चहा टाकणाऱ्या त्या बाईची मला आज किळस येते. भासऱ्यांचा राग येत नाही. राग मोठी गोष्ट आहे, तेवढी त्यांची लायकी नाही.

घरात दोर बांधला नाही, एवढंच. बाकी सगळं झालं. माझं ताट, माझा गिलास वेगळा झाला, तो मीच केला. नवरा पुढच्या खोलीत झोपायला गेला. माझे कपडे वेगळ्या बादलीत. माझ्या जावेने, भासऱ्यांच्या बायकोने, वैशाली नगरहून फोन करून विचारलं की मी बसते त्या दिवाणाची गादी बदलली का. गादी बदलायची म्हणजे जुनी कुठे टाकायची, हा विचार नवऱ्याने दोन दिवस गंभीरपणे केला. शेवटी तीच गादी उलटी करून घातली. रेडिएशनला चकवायचा हा आमचा उपाय.

आता माझ्या पोटाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सिकाईने आतडी भाजतात. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, मी धन्यवाद म्हटलं होतं. मग ते सुरू झालं तेव्हा कळलं की सांगणं वेगळं असतं. दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागायचं, आणि असं नाही की येतंय, जाऊ. आलं की आलं. भाजी घेताना, गॅसवर दूध असताना, शेजारीण गेटपाशी तिच्या सुनेचं सांगत असताना. सेक्टरच्या बाजारात कोणत्या दुकानदाराकडे मागे संडास आहे आणि कोण वापरू देतो हे मला आजही पाठ आहे. लघवी करताना असं जळायचं की नळ सोडून ठेवायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. डाळ बंद, वांगं बंद, तिखट बंद, दूध बंद. भात, दही, साबुदाण्याची पेज, केळं. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट. जुन्या सुती धोतराचे तुकडे कापून, उकळून, उन्हात वाळवून मी स्वतःसाठी घड्या करून ठेवल्या, कारण दुकानातले पॅड त्या भाजलेल्या कातडीला चिकटायचे. धोतर माझ्या सासऱ्यांचं होतं. त्या घराण्याने मला दिलेली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच.

लोक यायचे. बसायचे दाराशी, त्यांनाही बातमी पोहोचली होती. जाऊ एकदा गव्हांकुरांचा रस घेऊन आली, नाकाला रुमाल लावून तो मला पाजला, आणि तासाभरात मी चार वेळा संडासात जाऊन आले तेव्हा म्हणाली, चांगलं आहे, घाण निघून राहिली. शेजारच्या बाईंनी मला सांगितलं की मी फार हिमतीची आहे. त्या बाईंनी हे उंबऱ्याबाहेरून सांगितलं आणि घरी जाऊन आंघोळ केली, मला त्यांच्या मोरीतलं पाणी ऐकू आलं. दुपारी चार वाजता त्या कधी आंघोळ करत नाहीत.

पण खरा पुरावा मी स्वतःच दिला. सिकाईने माझी पाळी एका महिन्यात कायमची बंद पडली. जे हळूहळू चार-पाच वर्षांत व्हायचं ते एकदम झालं. त्यामुळे अंगातून आग उठायची. छातीपासून सुरू व्हायची, मानेवर चढायची, चेहरा लाल, केसांच्या मुळांतून घाम, दोन मिनिटांत ब्लाउज ओला, आणि मग थंडी वाजायची. पहिल्यांदा भासऱ्यांच्या समोर असं झालं तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. सगळे स्वेटरमध्ये, आणि मी पदराने वारा घेत बसलेली. भासऱ्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या बाजूच्या भिंतीकडे, बघितलं आणि समाधानाने म्हणाले, "पाह्य. निघून राहिलं."

मला ते पटलं. खरंच काहीतरी निघत होतं ना. आग होती, दिसत होती. त्या दिवसापासून आग आली की मी घरातल्यांपासून आणखी दूर सरकायची. माणूस स्वतःच्या अंगाबद्दल काय काय मानायला तयार होतो, फक्त सांगणारा खुर्चीत बसलेला पाहिजे.

पोरगी पद्मनाभपूरला दिली आहे, दुर्गला. तिच्या सासरचे तीन पिढ्यांपासून दुर्गचे, शुद्ध मराठी बोलणारे, आमच्या मले-तुलेवर तोंड दाबून हसणारे. भासऱ्यांनी त्यांना फोन केला होता. मुलीकडचा मोठा माणूस म्हणून ते कर्तव्यच होतं त्यांचं. मग विहीणबाईंनी मला फोन केला, फार गोड बोलल्या. तुम्ही आराम करा, इथे सगळं आहे, नर्सिंग होम दोन गल्ल्या सोडून आहे, तुमच्यावर कशाला भार. मी धन्यवाद म्हटलं. पोरगी नंतर स्वतः फोन करून भांडली. ती घरात मराठी आणि भांडणात हिंदी बोलते. म्हणाली, आई, मी येणार म्हणजे येणार, किसी के बाप का क्या जाता है. मी म्हटलं, बाळाचा विचार कर. ती म्हणाली, तू कर ना विचार, तूने कभी डॉक्टर से पूछा है क्या?

विचारलं नव्हतं. हे मी लपवत नाही. दवाखान्यात मला सगळं सांगितलं होतं, काय खायचं, काय नाही, कसं धुवायचं, कधी यायचं. कोणी काही चुकवलं नाही. एवढंच मी विचारलं नव्हतं, कारण उत्तर "हो, धोका आहे" आलं असतं तर मग मागच्या खोलीतली खाट कायमची गेली असती. न विचारता निदान ती मनात तरी लावलेली होती.

जानेवारीत पोरीला सातवा लागला आणि पद्मनाभपूरला डोहाळजेवण ठेवलं. मला बोलावलं, न बोलावून कसं चालेल. सकाळपासून मी पोटात काही घातलं नाही, फक्त पेजेचे दोन घोट, म्हणजे तिथे लाज जाणार नाही. दोन जास्तीच्या घड्या पिशवीत. हिरवी साडी, नारळ, तांदूळ, पोरीच्या आवडीचे तिळाचे लाडू, जे मी बाहेरून घेतले, कारण माझ्या हातचे कोणी खाल्ले नसते.

अंगणात झोपाळा सजवला होता, फुलं, हिरव्या बांगड्या. भासरे आधीच पोहोचले होते. त्यांनी माझी खुर्ची गेटपाशी अशोकाच्या झाडाखाली ठेवायला लावली होती. झोपाळ्यापासून तिथपर्यंत ते पावलं टाकत आले, मोजत, आणि खुर्ची आणखी दोन पावलं मागे सरकवली. पाहुण्या बायका बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, काहीतरी शास्त्र आहे.

ओटी भरायची वेळ आली. पहिली ओटी आईची. मी नारळ-तांदळाचं ताट घेऊन उठले, तर विहीणबाई हसत जवळ आल्या, म्हणजे जवळ नाही, जरा लांब उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "तुम्ही मनाने भरा ना. तीच मोठी." ताट माझ्या जावेने घेतलं. तिने माझ्या पोरीची ओटी भरली. मनाने ओटी कशी भरतात हे मला कोणी दाखवलं नाही, म्हणून मी उभीच राहिले. आणि तेवढ्यात आग उठली.

थंडीचे दिवस, सगळ्या बायका शालीत, आणि माझा चेहरा पेटलेला, कपाळावरून घाम गळतोय, कुंकू पसरतंय. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. भासरे उठले आणि दोन्ही हातांनी झोपाळा धरून उलट्या बाजूला वळवायला लागले. पोरगी त्यावर बसलेली.

"मोठे बाबा, बस करो अब," ती म्हणाली आणि झोपाळ्यावरून उतरली. ओटीतला नारळ खाली पडला. ती सरळ माझ्याकडे चालत यायला लागली, पोट सावरत, हात पुढे करून.

आणि मी मागे सरकले. एक पाऊल, दोन पावलं, गेटला पाठ लागेपर्यंत. "येऊ नको," मी म्हटलं. "तिथंच थांब."

ती थांबली. तिचा चेहरा मला आठवतो, पण त्याबद्दल लिहिणार नाही.

नंतर पोटाने दगा दिलाच. मी त्यांच्या बाथरूममध्ये पाहुणे जेवून उठेपर्यंत बसून राहिले. बाहेर आले तर मोलकरीण बादलीत फिनाइल ओतून दाराशी उभी होती. तिने मला नमस्कार केला. त्या घरात तेवढी एकच बाई मला त्या दिवशी माणूस समजली, आणि तिच्या हातात फिनाइल होतं.

फेब्रुवारीत मला रायपूरला तपासणीला बोलावलं होतं. त्याच्या आधीच्या खेपेला तिथल्या नर्सने मला एक डबी दिली होती. आत पांढऱ्या गुळगुळीत नळ्या, लहान-मोठ्या. डायलेटर म्हणतात. सिकाईने खालची जागा आक्रसून जाते, चिकटत जाते, ती मोकळी राहावी म्हणून हे आठवड्यातून दोन-तीनदा वापरायचं, क्रीम लावून, सावकाश. नाहीतर पुढे डॉक्टरांना आत तपासताच येणार नाही, आजार परत आला तरी दिसणार नाही. मी धन्यवाद म्हटलं, घरी आले आणि ती डबी तांदळाच्या कोठीत तळाशी पुरून ठेवली. त्या घरात मी ती वस्तू धुवून कुठे वाळवणार होते? जावेने पाहिली असती तर भासऱ्यांनी तिलाही सोर्स म्हटलं असतं.

त्याची किंमत मी तपासणीच्या टेबलावर दिली. डॉक्टर बाईंनी हात लावला आणि मी ओरडले. रक्त आलं. त्यांनी नळ्यांचं विचारलं. नर्सने परत विचारलं. ती इकडचीच, छत्तीसगढी, आम्हा सगळ्या बायकांना दाई, म्हणजे आई, म्हणायची. शेवटी मी सांगितलं, तांदळाच्या कोठीत आहे.

"चाउर के कोठी मा?" ती म्हणाली. "उहां का करही वो, दाई? चाउर ला नइ लागय ओखर जरूरत." तांदळाला त्याची गरज नाही म्हणे. डॉक्टर बाई हसल्या, मीही हसले, दुखत होतं तरी. मग तिने रागावून पुन्हा सगळं समजावलं, आणि डॉक्टरांना दुसऱ्यांदा बघता यावं म्हणून माझा गुडघा धरायला पुढे झाली. तेव्हा तिचं पोट माझ्या पायाला लागलं. हिरव्या एप्रनखाली मला आधी दिसलंच नव्हतं. तीही सातव्यात तरी असेल.

मी पाय असा ओढून घेतला की टेबल हललं. "दूर रहो, दीदी," मी म्हटलं. "बच्चे को लगेगा."

"का लगही?" काय होणार, तिने विचारलं.

मग मी सांगितलं. सोर्स, दोर, हाडात जाऊन बसतं, आग निघते, पोरगी आठव्यात आहे, तिला मी शिवत नाही. डॉक्टर बाईंनी लिहायचं थांबवलं. नर्सने माझा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला, दाबून. आत काहीतरी हललं. हात काढू दिला नाही तिने. डॉक्टर बाईंनी सावकाश, मला कळेल अशा हिंदीत सांगितलं की मशीन बंद झाली की माझ्या अंगात काही उरत नव्हतं, रोजच उरत नव्हतं. आतून सिकाई करताना सोर्स होता, पण तो त्याच वेळी मशीनमध्ये परत जायचा, मी टेबलावरून उठायच्या आत. आग निघते ती पाळी गेल्यामुळे, त्याचा कोणाच्या बाळाशी संबंध नाही. मी नातवंडाला पहिल्या दिवसापासून मांडीवर घेऊ शकते. त्यांनी विचारलं, हे दोराचं कोणी सांगितलं? मी म्हटलं, घरातले मोठे आहेत, प्लांटमध्ये हेच काम करायचे. नेमकं काय काम, त्यांनी विचारलं. ते मला सांगता आलं नाही.

येताना ट्रेनमध्ये संडासाजवळची सीट धरून बसलो. माझी नेहमीची. नवरा समोर. मी त्याला विचारलं, "भाऊ नेमकं काय काम करे?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. कुम्हारी स्टेशन गेलं. मग म्हणाला, "दोर बांधे."

"अन् फोटो?"

"थे लोकं वेगळे. शिकलेले राहत. भाऊ दोर बांधून दूर उभा राहे. सीटी मारे कोणी आलं तं."

"डबा पायला का त्याईनं कधी?"

"दुरून."

त्याला हे सगळं माहीत होतं. पुढच्या खोलीत झोपायला गेला तेव्हाही, गादी उलटी केली तेव्हाही, गेटला माझी पाठ लागली तेव्हाही. "मंग तुमी कावून नाही बोलले?" मी विचारलं.

"मोठा भाऊ आहे," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, जणू हे जास्त चांगलं कारण आहे, "मले वाटलं त्याले माहीत असंल."

हा माणूस पाच आठवडे रोज माझ्याबरोबर रायपूरला आला. उलटी झाली की बाटली पुढे करायचा, रांगेत उभा राहायचा, माझी ओली साडी पिशवीत घालून घरी आणून पिळायचा. मी त्याची आभारी आहे आणि राहीन. पण त्या दिवशी ट्रेनच्या डब्यात मी त्याच्याकडे बघितलं ते असं, जसं चप्पल नसलेल्या पायाने कशात तरी पाय पडल्यावर आपण खाली बघतो.

रविवारी भासरे आले. खुर्ची ओढून दाराशी नेली. नवऱ्याला म्हणाले, तिले विचार, डॉक्टर काय म्हणाली. मी दिवाणावरून उठले, वेताचा मोडा उचलला आणि त्यांच्या खुर्चीसमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ ठेवून बसले. पदर डोक्यावरून घसरला, तो राहू दिला.

"भाऊजी," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "दोर तुमी बांधत होते. दोराच्या आत काय चालते, थे आतल्या माणसाले विचारलं का कधी?"

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने, त्याचं देव भलं करो, या वेळी मान हलवली नाही.

"मी आत होतो," मी म्हटलं. "मले विचारा."

त्यांनी विचारलं नाही. उठले, खुर्ची जागेवर ठेवली नाही, आणि गेले. मी सरळ पोरीला फोन लावला आणि म्हटलं, ये. ती म्हणाली, "पक्का?" मी म्हटलं, डॉक्टर बाईंशी बोल हवं तर, नंबर देते. तिला बोलायची गरज वाटली नाही. तिसऱ्या दिवशी ऑटो करून आली, एक बॅग आणि तिची उशी घेऊन. सासूबाईंचं काय, विचारलं तर म्हणाली, मी बघून घेईन, तू फक्त डिंकाचे लाडू कर, और अपने हाथ से.

नात झाली. मार्चमध्ये, दुपारी. घरी आणली तेव्हा मी तिला मांडीवर घेऊन बसले होते आणि आग उठली. मान, चेहरा, सगळं. माझा घाम तिच्या टोपीवर पडला. तिने जांभई दिली. पोरीने नुसता पंखा वाढवला.

बाकी सगळं बरं झालं, असं मी लिहिणार नाही. दिवसातून चार-पाच वेळा अजून जावं लागतं, आणि मी अजून डाळ खात नाही. नळ्यांची डबी आता न्हाणीत, साबणाच्या शेजारी असते. मंगळवार आणि शुक्रवार ठरवले आहेत, कडी लावून, कोणाला हाक मारू देत नाही. पहिले दोन महिने मी रडायचे तिथे. आता नाही.

नातीला झोळी बांधायची होती. छताला कडं होतं, पण नवऱ्याने बांधलेली गाठ दोनदा सरकली. तिसऱ्यांदा सरकली तेव्हा मी स्वतः वैशाली नगरला फोन केला आणि भासऱ्यांना, मधे कोणाला न घेता, म्हटलं की येऊन दोर बांधून द्या. ते आले. स्टुलावर चढले, नायलॉनचा दोर दोनदा कड्यातून काढला, अशी काही गाठ मारली की मी बघत राहिले. दोराला लोंबकळून ती तपासून बघितली. खरंच, त्या माणसाला दोर फार चांगला बांधता येतो. कोणी त्यांना त्यापेक्षा जास्त विचारायला नको होतं, आणि त्यांनी सांगायला नको होतं.

स्टुलावरून उतरून ते हात झटकत नवऱ्याला म्हणाले, "तिले सांग, हे गाठ आता सुटत नाही."

मी चार हातांवर उभी होते, नात खांद्यावर घेऊन.

"त्याईले सांगा," मी नवऱ्याला म्हटलं, "चहा ठेवला आहे."